ही, शी आणि दे

पिंपरीतल्या युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर

मित्रांनो, मैत्रिणींनो, आणि या दोन हाकांत जे कुणी मावत नाहीत त्या सगळ्यांनो, जयभीम.

विषय ऐकून काहीजण नाराज आहेत, मला माहीत आहे. चाकणच्या पट्ट्यात कंत्राटी पोरांना महिने भरले की घरी बसवतात, हेल्परचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही, आणि ही बाई आम्हाला इंग्रजी सर्वनामं शिकवायला निघाली. बाई की पुरुष हे न सांगणारं सर्वनाम वापरायचं की नाही, हा काय आपला प्रश्न? हा तर एसीत बसलेल्यांचा चाळा.

सवाल रास्त आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय मी पुढं जाणार नाही.

सर्वनाम हा आपल्यावर भिरकावलेला पहिला दगड आहे. पाणवठा नाकारण्याआधी, देवळाचं दार लावण्याआधी, 'ए' आणि 'अरे' येतं. साठ वर्षांचा म्हातारा जोहार घालायचा आणि पाटलाचं दहा वर्षांचं पोर त्याला 'काय रे' म्हणायचं. आपल्या आज्या-पणज्यांची नावंसुद्धा कुणी पुरी उच्चारली नाहीत. धोंड्या, राम्या, गंगी, सखी. त्या नावांपुढं 'राव' आणि 'बाई' लागायला पिढ्या गेल्या. ज्यांच्या घरात पहिल्यापासून 'अहो-जाहो' चाललं त्यांना सर्वनाम हा चाळा वाटू शकतो. आपल्याला तो वाटून चालणार नाही.

माझी आई निगडीत एका सोसायटीत झाडू मारायची. तिथलं एक शाळकरी पोर तिला 'ए, इकडचं राहिलं' असं सांगायचं. तेच पोर आपल्या टीचरला 'मॅडम, तुम्ही' म्हणायचं. म्हणजे पोराला व्याकरण येत होतं. कुणाला कुठलं व्याकरण लावायचं हेही त्याला घरातून शिकवलेलं होतं.

मी स्वतः चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, आणि संध्याकाळी वस्तीतल्या पोरापोरींना इंग्रजी बोलायला शिकवते. पहिल्याच दिवशी वर्गात हशा पिकतो. इंग्रजीतला 'ही' म्हणजे तो, आणि आपली 'ही' म्हणजे बाई. इंग्रजीतली 'शी' म्हणजे ती, आणि आपण 'शी' म्हणून नाक मुरडतो. इंग्रजीत 'दे' म्हणजे ते, आणि आपला 'दे' म्हणजे हात पसरून मागणं. हसून झालं की मी सांगते, या तीन शब्दांत मोठं राजकारण भरलंय. चला, बघूया.

आधी मराठी बघा, कारण इंग्रजीची किल्ली तिथंच आहे. मी 'बोलते' म्हणाले की मी बाई आहे हे क्रियापदानंच सांगून टाकलं. इंग्रजीत 'आय स्पीक' म्हटलं तर काही कळत नाही. 'तू कधी आलास', 'तू कधी आलीस', इथं लिंग चिकटलं. पण 'तुम्ही कधी आलात?' हे बाईला विचारा, पुरुषाला विचारा, एकच. मान आला आणि लिंग गळून पडलं. 'मी जातो', 'मी जाते' हे वेगळं. 'आम्ही जातो' हे सगळ्यांचं एक. एकेकटं असताना अंगाला चिकटलेलं, जमावात आलं की सुटतं. हे मी प्रचारासाठी बनवून सांगत नाही. तुम्ही रोज हेच बोलता.

आणखी एक. 'बाबासाहेब आले' असं आपण म्हणतो. माणूस एक, क्रियापद अनेकवचनी. कुणाला चुकल्यासारखं वाटतं का? 'बाबासाहेब ही थोर व्यक्ती होती' असंही म्हणतो. व्यक्ती स्त्रीलिंगी, म्हणून 'ही' आणि 'होती'. बाबासाहेबांचं पुरुषपण त्यानं कुठं गेलं का? इथून दोन पावलांवर आळंदी आहे. तिथं ज्ञानेश्वरांना माउली म्हणतात. वारीत तर बाई असो, पुरुष असो, जो तो समोरच्याला माउली म्हणतो. शेकडो वर्षं लाखो माणसं हे बोलत आलीत आणि मराठी भाषा काही कोसळून पडली नाही. तेव्हा एका माणसाला 'दे' म्हणणं व्याकरणात बसत नाही असं कुणी मास्तर सांगू लागला, तर त्याला वारी दाखवा.

पण त्याच वारीचा दुसरा धडाही विसरू नका. तोंडात सगळ्यांसाठी माउली, आणि पंढरपुरात चोखोबाची समाधी देवळाच्या पायरीशी. नुसता शब्द बदलला आणि उंबरठा तसाच राहिला तर काय होतं, ते त्या पायरीवर दिसतं. हे ध्यानात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

मराठीत एक खड्डाही आहे. 'ते आले' म्हणजे आदर. आणि 'ते आलं' म्हणजे? ढोर, पोरटं, वस्तू. आपल्या जातींच्या नावांना 'डं' लावून ज्या शिव्या बनवल्या त्या ह्याच नपुंसकलिंगातून. आज रस्त्यानं तृतीयपंथी माणूस चालला की मागून हाच प्रत्यय फेकून मारतात, 'ते बघ कसं चाललंय'. एक मात्रा की एक अनुस्वार, फरक तेवढाच. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला जनावर. म्हणून इंग्रजी 'दे'चं मराठी करताना जीभ सांभाळा.

आता इंग्रजी. आज इंग्रजीत लहान-थोर सगळ्यांना 'यू'. पूर्वी तसं नव्हतं. त्यांच्यातही 'दाउ' होतं, म्हणजे आपलं 'तू'. नोकराला, पोराला 'दाउ', आणि मोठ्या माणसाला अनेकवचनी 'यू', म्हणजे 'अहो'. सतराव्या शतकात क्वेकर नावाच्या पंथातल्या माणसांनी ठरवलं, सगळी माणसं सारखी, तेव्हा न्यायाधीश असो की सरदार, सगळ्यांना 'दाउ'च म्हणायचं. त्यापायी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग बघितला. एका सर्वनामासाठी. पुढं इंग्रजी भाषेनं उलटा रस्ता धरला. 'दाउ' मागं पडलं आणि सगळेच 'यू' झाले. म्हणजे साऱ्या प्रजेला 'अहो' मिळालं. 'यू' हे एकेकाळी अनेकवचन होतं, आज एकट्या माणसालाही 'यू आर' म्हणतात आणि कुणाचं काही बिघडत नाही.

'दे'चंही तेच. एका माणसासाठी 'दे' वापरल्याचं लिखित उदाहरण ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी १३७५ सालापर्यंत मागं नेलंय. म्हणजे ही कालची फॅशन नाही. नंतर व्याकरणाचे पंडित आले आणि म्हणाले, बाई की पुरुष ठाऊक नसेल तर 'ही' म्हणा, पुरुषात बाई आलीच. १८५० साली ब्रिटिश पार्लमेंटनं हे कायद्यातच घातलं. आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये कलम १३ आलं, पुल्लिंगी शब्दात स्त्रिया धराव्यात. पंडितांना झालेला हा आजार आता कायद्याला जडला.

धराव्यात म्हणजे केव्हा धराव्यात? ऐका. १९१६ साली रेजिना गुहा नावाची कायदा शिकलेली बाई कलकत्त्याच्या हायकोर्टात गेली. वकिलीची सनद मागितली. कायद्यात 'ही' लिहिलंय, आणि 'ही'मध्ये स्त्री धरायची असं तुमचाच कायदा सांगतो, मग मला सनद द्या. कोर्ट म्हणालं, नाही. १९२३ साली बायकांसाठी वेगळा कायदा करावा लागला तेव्हा कुठं वकिलीचं दार उघडलं. दंड भरायचा असेल, तुरुंगात जायचं असेल, तेव्हा 'ही'मध्ये बाई बसते. हक्क मागायला गेली की 'ही' म्हणजे फक्त पुरुष. 'सर्वांमध्ये तुम्ही आलातच की' हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? गावाच्या विहिरीवर ऐकलंय. गाव सगळ्यांचं, विहीर गावाची, पण तुम्ही लांब उभे राहा.

जोतीराव फुल्यांना ही चलाखी कळली होती. १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' निघालं. त्यात हक्कांची भाषा येते तिथं ते मोघम 'मनुष्य' म्हणून सोडून देत नाहीत. स्त्री आणि पुरुष अशी दोघांची नावं घेतात, पुन्हा पुन्हा घेतात. वाचणाऱ्याला कंटाळा येईल इतक्यांदा घेतात. ज्याला गृहीत धरलं तो गायब होतो, हे ठाऊक असलेला माणूसच असं लिहितो.

आता आपल्या पट्ट्यात या. १९७४ साली इथल्या टेल्कोच्या नोकरीची जाहिरात बंगलोरच्या कॉलेजात लागली. इंजिनियर पाहिजेत, बायकांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीनं जेआरडी टाटांना एक पोस्टकार्ड टाकलं आणि जाब विचारला. पुण्यात मुलाखत झाली आणि ती टेल्कोच्या शॉपफ्लोअरवरची पहिली बाई इंजिनियर झाली. तीच पुढं सुधा मूर्ती. जाहिरातीत बंदी उघड लिहिली होती म्हणून तिच्याविरुद्ध पोस्टकार्ड तरी टाकता आलं. पण जी बंदी 'ही'च्या पोटात लपलेली असते तिच्याविरुद्ध पोस्टकार्ड कुणाला टाकायचं? 'द कँडिडेट शुड हॅव हिज ओन बाइक', 'वर्कमन', 'फोरमन', 'मॅनपॉवर', 'हेल्पर बॉय', 'ऑफिस बॉय'. भोसरीपासून चाकणपर्यंत गेटागेटांवर हे बोर्ड वाचा. पोरगी वाचते आणि पुढच्या गेटकडे निघून जाते. तिला कुणी नाही म्हटलेलं नसतं.

आणि तो 'बॉय' बघा. चाळीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, त्याला 'हाउसकीपिंग बॉय'. साहेबाला 'सर', आणि झाडणाऱ्याला 'बॉय', 'मामा', 'मावशी'. अमेरिकेत गोरा मालक काळ्या म्हाताऱ्यालाही 'बॉय' म्हणायचा. १९६८ साली मेम्फिस शहरात काळे सफाई कामगार संपावर गेले तेव्हा त्यांच्या गळ्यातल्या पाटीवर चारच शब्द होते, 'आय ॲम अ मॅन'. पगारवाढ हवी होती, संघटनेला मान्यता हवी होती, पण पाटीवर लिहिलं काय? मी माणूस आहे. त्याच संपाच्या पाठिंब्याला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंगना ४ एप्रिलला तिथं गोळी घातली. त्या पाटीपुढं मान झुकते. पण एक सवाल आज आपण विचारायचा. 'मॅन' म्हणजे माणूस असेल, तर घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या त्यांच्या बायकांनी कुठली पाटी घालायची होती?

कायदा हळूहळू हललाय, हेही सांगते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार म्हणजे 'वर्कमन'. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात तो शब्द 'वर्कर' झाला. शब्द सुधारला. आणि त्याच संहितेनं काय केलं? कामगार काढताना, कारखाना बंद करताना सरकारची परवानगी घ्यायची अट शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. म्हणजे वर्कमन गेला, वर्कर आला, आणि वर्करला बाहेर काढणं सोपं झालं. मघाची पायरी आठवा. माउली म्हणायचं आणि उंबरठ्याबाहेर ठेवायचं. म्हणून मी म्हणते, शब्द घ्या, पण शब्द घेऊन गप्प बसू नका.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर आणखी गंमतीचा. त्यात सगळ्या नागरिकांना 'शी' म्हटलंय, आणि कुठल्याही लिंगाची व्यक्ती त्यात धरावी असं लिहिलंय. मोबाइल हातात घेतलेला प्रत्येक बाप्या त्या कायद्यात 'शी' आहे. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा पोरं चिडली, आम्हाला 'शी' कशाला? मी म्हटलं, शंभर वर्षांहून जास्त काळ आम्ही 'ही'मध्ये कोंबून बसलो, तुम्ही एका कायद्यात घटकाभर बसा. मग कळेल, गृहीत धरलं जाणं म्हणजे काय.

आणि एक असा शब्द, जो उघडा ठेवला होता. संविधानात राष्ट्रपतीसाठी 'ही' आहे. त्या काळच्या कायद्याची भाषाच तशी होती, आणि २००७ साली प्रतिभा पाटील त्या 'ही'च्या खुर्चीत बसल्या. पण कलम १४ मध्ये, जिथं समतेची हमी आहे, तिथं 'ही' नाही, 'मॅन' नाही. तिथं 'एनी पर्सन' आहे. कुठलीही व्यक्ती. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं नालसा खटल्याचा निकाल दिला, ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या. कोर्ट म्हणालं, 'पर्सन' म्हणजे फक्त पुरुष आणि स्त्री नव्हे, तृतीयपंथीही व्यक्तीच. १९५० साली लागू झालेल्या एका शब्दातून ६४ वर्षांनी माणसं आत आली. १९१६ साली 'ही'नं दार लावलं, २०१४ साली 'पर्सन'नं उघडलं. सर्वनामं आणि नामं भाकरी देत नाहीत हे खरं. पण भाकरीच्या रांगेत कुणाला उभं राहू द्यायचं, हे ती ठरवतात.

आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक जण यायची. कागदावर पुरुषाचं नाव, पण तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, मला 'ती' म्हणा. आम्ही म्हणालो. ट्रेनी म्हणून एका कंपनीत लागली. मशीनवर हात चांगला बसला. पण गेटपासवर 'मिस्टर', हजेरीला रोज मोठ्यानं 'मिस्टर' पुकारायचं आणि मागून लाइन हसायची. इंग्रजीत 'ही', मराठीत 'ते आलं बघ'. चार महिन्यांत तिनं काम सोडलं. कामानं हरली नाही ती, हाकेनं हरली. आणि हसणाऱ्यांत आपल्याच वस्तीतली पोरं होती. हे मला सांगितलंच पाहिजे. ज्यांच्या आजोबांना 'धोंड्या' म्हणून हाकारलं त्यांचे नातू दुसऱ्याला 'ते' म्हणतात, तेव्हा जातव्यवस्था कुठं तरी बसून पोटभर हसत असते.

याच शहरात उलटंही घडलंय. २०२२ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेनं तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. ज्यांना सिग्नलवर बघून लोक काचा वर करायचे, त्यांच्या अंगावर गणवेश आला. गणवेशातल्या माणसाला 'ते आलं' म्हणताना जीभ अडखळते. २०१९ च्या कायद्यानंही कामाच्या ठिकाणी भेदभावाला बंदी घातली आणि आस्थापनांना तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. आपल्या गेटच्या आत तो कोण आहे, विचारलंय कुणी कधी?

आता कामाचं बोलू. रोजच्या इंग्रजीत काय करायचं ते वहीत घ्या.

एक. बाई की पुरुष ठाऊक नाही, तिथं 'दे'. 'समवन हॅज लेफ्ट देअर हेल्मेट.' कुणाचं तरी हेल्मेट राहिलंय. 'इफ ॲन ऑपरेटर सीज अ फॉल्ट, दे शुड स्टॉप द लाइन.' माणूस एक असला तरी 'दे आर', 'दे हॅव'. 'दे इज' नाही.

दोन. मुलाखत घेणारा जुन्या वळणाचा असेल आणि 'दे' ऐकून तुमचं इंग्रजी कच्चं ठरवेल अशी भीती असेल, तर सरळ अनेकवचन करा. 'ऑल ऑपरेटर्स मस्ट वेअर देअर शूज.' कुणी चूक काढू शकत नाही. नाहीतर 'वेअर युवर शूज'. पोटासाठी वाक्य वळवणं यात लाज नाही.

तीन. 'मॅन' आणि 'बॉय' काढा. 'मॅनपॉवर'ला 'वर्कफोर्स', 'चेअरमन'ला 'चेअरपर्सन', 'वॉचमन'ला 'सिक्युरिटी गार्ड', 'ऑफिस बॉय'ला 'ऑफिस असिस्टंट'. अर्जाच्या डोक्यावर 'रिस्पेक्टेड सर' लिहिता, तिथं पद लिहा. साहेबाच्या खुर्चीत बाई असू शकते हे आधी आपल्या डोक्यात बसू द्या.

चार. एखाद्यानं सांगितलं, मला 'शी' म्हणा, 'ही' म्हणा, 'दे' म्हणा, तर तेच म्हणा. जी बाई स्वतःला 'शी' म्हणवते तिच्यावर पुरोगामीपणा म्हणून 'दे' लादू नका. तिनं 'शी' हे नाव लढून मिळवलंय. आणि कुणाला चारचौघांत उभं करून 'तू नक्की कोण' असं विचारू नका. माहीत नसेल तर नावानं हाक मारा. नाव हे सगळ्यात जुनं सर्वनाम आहे.

पाच. हे सगळं इंग्रजीत करून मराठीत 'ए मावशे' चालू ठेवलं, तर ते ढोंग. इंग्रजी ईमेलच्या खाली स्वतःची सर्वनामं लिहिणारा साहेब कँटीनमध्ये ताट उचलणाऱ्या बाईला काय म्हणतो, तिथं त्याची परीक्षा घ्या. तीच परीक्षा आपली घरात घ्या. आईला 'तू', बापाला 'तुम्ही'. बायको 'अहो' म्हणते, नवरा 'अगं' म्हणतो. इंग्रजी 'यू'मध्ये हा भेद नाही. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितलं ते काय साहेबाची नक्कल करायला? नाही. या भाषेतून आपल्याला आपल्याच घराची मोजणी करता येते, म्हणून.

शेवटी मागण्या. कामगार संघटनांत असाल तिथं मांडा. नोकरीच्या जाहिरातीतून 'बॉय' आणि 'मॅन' जाऊ द्या. गेटपासवर 'मिस्टर-मिसेस' हवंच कशाला, नाव आणि टोकन नंबर पुरेसा आहे. तक्रार अधिकाऱ्याचं नाव बोर्डावर लावा. ठेकेदाराच्या हजेरीपटावर झाडणाऱ्या बाईचं पूर्ण नाव लिहा, 'मावशी' नको. आणि या सगळ्याबरोबर कायम नोकरी आणि पूर्ण पगार, कारण 'वर्कर' म्हणवून घेऊन उपाशी राहायला आपण इथं जमलेलो नाही.

वर्गात पोरं 'दे' ऐकून हसतात, मागणं म्हणून हसतात. मी म्हणते, बरोबरच आहे. हे मागणंच आहे. फक्त हात पसरून मागायचं नाही. इथं हजेरीची वही ठेवली आहे. जाण्याआधी तिच्यात आपलं पूर्ण नाव लिहा, आणि शेजारी तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली चालेल तेही लिहा. पुढच्या रविवारी त्याच हाकेनं हजेरी घेऊ.

जयभीम.